गॅरेजच्या फरशीखाली टॉर्नेडोचं शेल्टर: पेटी घेण्याआधी पाणी, पायऱ्या आणि झाकण बघा

तुमचा प्रश्न वाचला. पुण्याहून दोन वर्षांपूर्वी ओक्लाहोमा सिटीत आलात, आता एकमजली घर घेतलंय. घराला तळघर नाही, दोन गाड्यांचं गॅरेज आहे. तुम्ही दोघं, तीन वर्षांची मुलगी आणि मार्चपासून सहा महिने आई राहायला येणार. त्यांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. शेजाऱ्यांनी गॅरेजच्या फरशीखाली लोखंडी पेटी बसवून घेतली, ती पाहून तुम्ही विचारताय की आपणही बसवावी का, कशी बसवतात, पाणी शिरतं का, आणि वेळ आली तर ती खरंच वाचवते का.

मी मूळचा सांगलीकडचा. स्थापत्य अभियंता आहे आणि गेली एकोणीस वर्षं याच राज्यात घरगुती शेल्टरची कामं करतोय. आधी उत्तर सांगतो, मग कारणं. तपासणी झालेली आणि नीट बसवलेली पेटी वाचवते, त्याबद्दल मनात शंका ठेवू नका. पण तुमच्या घराला, आई दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर येणार असतील तर, मी जमिनीखालची पेटी सुचवणार नाही. गॅरेजच्या कोपऱ्यात स्लॅबला, म्हणजे खालच्या काँक्रीटच्या फरशीला, बोल्टने जखडलेली पोलादी खोली सुचवेन. आई येणार नसत्या, तर पेटीच सांगितली असती.

याचं कारण पायऱ्या. शेजाऱ्यांकडे जा आणि त्यांच्या पेटीत स्वतः उतरून बघा. आत ती साधारण पाच फूट खोल असते आणि तेवढ्यात पाच पायऱ्या बसवलेल्या असतात. म्हणजे एकेक पायरी दहा-अकरा इंचांची. आपल्याकडच्या घरातली पायरी सहा-सात इंच असते. या पेटीच्या पायऱ्या जुन्या वाड्यात माळ्यावर जायचा लाकडी जिना असतो ना, तशा. पाय टेकायला जागा अरुंद, आणि बऱ्याच पेट्यांना धरायला कठडाही नसतो. त्या जिन्यावरून रात्री अकराला, दिवे गेलेले, बाहेर भोंगा वाजतोय, कडेवर मूल, आणि आईंना पाठमोरं उतरायचं आहे. हे चित्र डोळ्यांसमोर आणा आणि मग ठरवा.

हातात वेळ किती असतो, ते सांगतो. २० मे २०१३ रोजी मूर शहरावर जो ईएफ-५, म्हणजे सर्वांत तीव्र श्रेणीचा टॉर्नेडो आला, त्याचा इशारा दुपारी २:४० ला दिला गेला आणि २:५६ ला तो जमिनीला टेकला. सोळा मिनिटं. हे चांगल्यातलं चांगलं उदाहरण म्हणायचं, कारण दिवसा होतं, सगळे जागे होते आणि टीव्हीवर सकाळपासून सांगत होते. तरी त्या दिवशी २४ माणसं गेली, त्यांत प्लाझा टॉवर्स शाळेतली सात मुलं होती. रात्री झोपेतून उठून, चष्मा शोधून, मुलीला उचलून गॅरेजपर्यंत पोचायला तुमच्या घराला पाच मिनिटं तरी लागतील. उतरण्यात आणखी तीन-चार गेली तर हाताशी फार काही उरत नाही.

'जमिनीखालीच खरी सुरक्षितता' हा समज इथे फार खोल रुजलेला आहे, आणि तो का रुजला हे समजतं. ३ मे १९९९ च्या टॉर्नेडोने ब्रिज क्रीक ते मूर या पट्ट्यात ३६ बळी घेतले, तेव्हा टीव्हीवरून लोकांना सांगितलं जात होतं की जमिनीखाली जा. त्या वेळी घरोघरी खात्रीच्या खोल्या नव्हत्याच, त्यामुळे सल्ला बरोबर होता. आज परिस्थिती वेगळी आहे. आयसीसी-५०० नावाचं मानक आहे आणि फेमा या केंद्रीय आपत्ती संस्थेची पी-३२० आणि पी-३६१ ही मार्गदर्शक पुस्तकं आहेत. त्यांत आपल्या भागासाठी ताशी २५० मैल, म्हणजे सुमारे ४०० किलोमीटर वेगाचा वारा धरलेला आहे. शिवाय वाऱ्यापेक्षा जास्त मारतात ती उडून येणारी लाकडं. म्हणून दोन बाय चार इंची, पंधरा पौंड वजनाची फळी तोफेसारख्या यंत्रातून ताशी १०० मैलांनी भिंतीवर आणि दारावर मारून बघतात. आडव्या पृष्ठभागावर, म्हणजे छतावर किंवा झाकणावर, ताशी ६७ मैलांनी. टेक्सासमधल्या लबक इथे टेक्सास टेक विद्यापीठात हे काम मोठ्या प्रमाणावर चालतं. १९७० साली लबक शहरावरच टॉर्नेडो आला आणि तिथून त्यांचा हा अभ्यास सुरू झाला. जमिनीवरची खोली या चाचणीत उतरली असेल आणि ठरवल्याप्रमाणे जखडलेली असेल, तर ती पेटीपेक्षा कमी नाही. २०१३ नंतर मूरमध्ये मी स्वतः पाहिलंय: आजूबाजूचं घर जोत्यापर्यंत साफ झालेलं आणि मधोमध पोलादी खोली तशीच उभी.

इथे एक सावधगिरी. विक्रेता 'फेमा अप्रूव्हड' म्हणाला की तिथेच थांबा. फेमा कोणत्याही मालाला मान्यता देत नाही, प्रमाणपत्र देत नाही, शिफारसही करत नाही. त्यांनी फक्त निकष लिहिले आहेत. तुम्ही मागायचं ते चाचणीच्या अहवालाची प्रत, आणि त्यात दार, चौकट, बिजागऱ्या आणि कड्या हे सगळं एकत्र जोडून तपासलंय का ते बघायचं. नुसता पत्रा तपासला आणि कडी बाजारातून आणून लावली, तर तो अहवाल तुमच्या कामाचा नाही. शेल्टरमध्ये सगळ्यांत आधी हार मानतं ते दार.

आता तुम्ही जे मुळात विचारलंय, त्या जमिनीखालच्या पेटीकडे वळतो. आई येणं लांबलं, किंवा तुम्ही पेटीच घ्यायचं ठरवलं, तर पुढचं सगळं लक्षात असू द्या.

ओक्लाहोमात घरांना तळघरं का नाहीत, हा प्रश्न प्रत्येक नव्या माणसाला पडतो. उत्तरेकडे, कॅन्सस-आयोवाच्या बाजूला, हिवाळ्यात जमीन खोलवर गोठते, म्हणून पाया खोल न्यावाच लागतो. तेवढं खणलंच आहे तर तळघर जवळजवळ फुकट पडतं. आपल्याकडे जमीन दीडेक फुटाच्या खाली गोठत नाही, त्यामुळे बांधकामवाले सरळ जमिनीवर स्लॅब ओततात. त्यात इथली तांबडी चिकणमाती. पाण्याने फुगते, उन्हाने आकसते आणि भिंतींवर दाब देत राहते. डॅलसच्या बाजूला गेलात तर माती काळी आहे, आपल्या कृष्णाकाठच्या रेगुरचीच बहीण. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात बूट ओढून घेणारा चिखल, हे ज्यांनी लहानपणी बघितलंय त्यांना ही माती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

या मातीत खड्डा खणला की तो हौद होतो. चहूबाजूंनी चिकणमाती पाणी सोडत नाही आणि मधला भराव मात्र मोकळा. अंगणातलं, छपराचं, स्प्रिंकलरचं सगळं पाणी वाट काढत तिथे येऊन साठतं आणि निचरायचं नाव घेत नाही. लोकांना वाटतं की भूजल खोल आहे, मग पेटीला पाण्याचा काय धोका? भूजल खोल असलं तरी तुमच्या खड्ड्यातलं पाणी हे तुमचं स्वतःचं भूजल.

हे मी शिकलो ते माझ्याच हातून झालेल्या चुकीतून. २०१५ चा मे हा या राज्याच्या नोंदीतला सर्वांत जास्त पावसाचा महिना. त्या महिन्याच्या शेवटी एका गिऱ्हाइकाचा फोन आला, की गॅरेजमधली फरशी वर आली आहे. गेलो तर पेटीची एक बाजू चार इंच वर उचललेली, भोवतीच्या नव्या काँक्रीटला बोट जाईल एवढी भेग, आणि झाकण रुळात अडकून उघडेना. आत कोरडं होतं, थेंबभर पाणी नव्हतं. पेटी उत्तम होती, आणि नेमकी म्हणूनच ती होडीसारखी तरंगली होती. खड्ड्याच्या बाजूंना मी बारीक खडी भरली होती आणि काँक्रीट फक्त वरच्या थरात ओतलं होतं. त्या घरातल्या माणसांना त्याच आठवड्यात शेल्टर लागलं असतं तर झाकण उघडलं नसतं. मी ते काम माझ्या खर्चाने उपसून पुन्हा केलं, आणि तेव्हापासून पेटीच्या बुडाला काँक्रीटने धरल्याशिवाय एकही काम केलेलं नाही.

हिशेब सोपा आहे, तुम्ही घरी करून बघा. चार फूट रुंद, सात फूट लांब, पाच फूट खोल पेटी घ्या. आकारमान १४० घनफूट. पूर्ण बुडाली तर ती जवळजवळ चार टन पाणी बाजूला सारते, म्हणजे तेवढ्या जोराने पाणी तिला वर ढकलतं. पाव इंच जाडीच्या पोलादाची अशी पेटी स्वतः आठशे किलोच्या आसपास भरते. उरलेले तीन टनांहून जास्त कोणी धरायचे? काँक्रीटने. आणि पाण्यात बुडालेल्या काँक्रीटचं वजनही कमी भरतं, एका घनमीटरमागे २४०० ऐवजी १४०० किलोच धरायचे. म्हणजे निदान सव्वादोन-अडीच घनमीटर, इथल्या भाषेत तीन घन यार्डांच्या पुढे काँक्रीट हवं. तेही पेटीच्या बुडाला जी कड बाहेर काढलेली असते, तिच्यावर बसेल असं. कंत्राटदाराला विचारा, 'किती यार्ड काँक्रीट धरलंय?' उत्तर 'दीड' आलं तर त्याला हा हिशेब दाखवा.

याच्या उलट बाजूची चूकही होते. ओलं काँक्रीट पाण्याच्या जवळजवळ अडीचपट जड. घाईघाईत एकदम वरपर्यंत ओतलं तर पेटी त्या ओल्या काँक्रीटमध्येच तरंगते. ते टाळायला आधी बुडाकडचा एक थर ओतायचा, तो पकडेपर्यंत थांबायचं, मग पुढचा. ज्यांना एका दिवसात दोन घरं उरकायची असतात, ते थांबत नाहीत.

पाण्याचा दुसरा धोका जास्त वाईट, तो वरून येणाऱ्या पाण्याचा. टॉर्नेडो एकटा येत नाही, बरोबर ढगफुटीसारखा पाऊस आणतो. ३१ मे २०१३ च्या रात्री याच शहरात काही माणसं वादळाच्या भीतीने पावसाळी गटाराच्या नळात जाऊन बसली आणि पुरात बुडून मेली. ६ मे २०१५ ला इथेच एक बाई स्वतःच्या घराच्या जमिनीखालच्या शेल्टरमध्ये बुडून गेल्या. म्हणून पहिला कागद बघायचा तो पूररेषेच्या नकाशाचा. घर पूरक्षेत्रात असेल तर जमिनीखालचा विषय तिथेच संपतो, कोणी कितीही समजावलं तरी. नकाशात घर कोरडं दिसत असेल तरी एकदा धो-धो पावसात छत्री घेऊन बाहेर उभे राहा आणि ड्राइव्हवेवरचं पाणी रस्त्याकडे जातंय की गॅरेजकडे ते बघा. शेजाऱ्यांनाही विचारा. गॅरेजच्या उंबऱ्याशी पाणी कधी आलं होतं का, हे घर विकणारा सांगत नाही, शेजारी सांगतो.

आता फरशी कापण्याबद्दल. इथे माझं तुम्हाला आर्जवाचं सांगणं आहे, कारण हे चुकलं तर माणूस जायबंदी होतो. काही घरांचा स्लॅब 'पोस्ट-टेन्शन' प्रकारचा असतो. काँक्रीटच्या आत पोलादी केबल असतात आणि त्या ओढून ताणलेल्या असतात. अर्धा इंची एका केबलमध्ये सुमारे पंधरा टनांचा ताण. डॅलसच्या बाजूच्या नव्या वसाहतींत हा प्रकार सर्रास आहे, आपल्याकडेही काही ठिकाणी सापडतो. करवतीने ती केबल कापली गेली तर ती स्लॅब फोडून चाबकासारखी बाहेर येऊ शकते, आणि घराच्या पायाची ताकद जाते ती वेगळीच. अशा घराच्या गॅरेजमध्ये दाराजवळ फरशीवर बहुतेक वेळा शिक्का उमटवलेला असतो, 'कापू नका, भोक पाडू नका' अशा अर्थाचा. गाडी बाहेर काढा, झाडू मारा, टॉर्च आडवा धरून शोधा. शिक्का दिसला नाही म्हणून केबल नाहीत असं धरू नका, घराचे मूळ नकाशे मागा आणि तरी शंका राहिली तर रडारने स्लॅब तपासून घ्या. जमिनीवरची खोली घेतलीत तरी हे लागू आहे, कारण तिचे बोल्ट बसवायलाही स्लॅबला भोकं पाडायची असतात. अशा स्लॅबमध्ये जमिनीखालची पेटी मी बसवत नाही. कोणी 'करतो' म्हणालं तर त्याच्याकडून स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीचा नकाशा घ्या.

खणण्याआधी ८११ या क्रमांकावर फोन करायचा, तो फुकट असतो. त्यांची माणसं येऊन जमिनीवर रंग मारून जातात. लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, नारिंगी फोन आणि इंटरनेट, निळा पिण्याचं पाणी, हिरवा सांडपाणी. मात्र ते मीटरपर्यंतच्या वाहिन्या दाखवतात. मीटरपासून घरात आलेली तुमची स्वतःची पाइपलाइन तुम्हालाच शोधावी लागते. गॅरेजमध्ये वॉटर हीटर असेल तर त्याची गॅसची नळी कुठून आली आहे ते खास बघा.

पेटी कुठे बसवायची, तर भिंतीला चिकटून नाही. पायाच्या तळापासून ४५ अंशांत खाली उतरणारी एक रेघ मनात काढा. त्या रेघेच्या आतली माती घराचं ओझं वाहते, तिथे खणायचं नाही. म्हणजे पाच-साडेपाच फूट खणायचं तर भिंतीपासून बरंच आत यावं लागतं, आणि गॅरेजच्या मध्याकडचीच जागा उरते. ती जागा नेमकी गाडीखाली येते. त्यात बिघडत नाही, कारण झाकण वर उघडणारं नसून आडवं सरकणारं असतं आणि उतरायचं तोंड गाडीच्या पुढच्या बाजूला, घराच्या दाराकडे ठेवता येतं. आखणीच्या दिवशी तुमची मोठी गाडी रोजच्यासारखी लावा आणि चाकांच्या जागा खडूने फरशीवर काढा. झाकणाचे रूळ चाकाखाली येता कामा नयेत.

कामाचा दिवस साधारण असा जातो. सकाळी घराकडच्या दाराला प्लास्टिकचा पडदा लावतात, नाहीतर काँक्रीटची धूळ तुमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांत सापडते. करवतीने स्लॅब कापून तुकडे उचलतात, छोटा एक्स्कव्हेटर आत घेतात. निघणारी माती खड्ड्याच्या मापापेक्षा जास्त भरते, फुगते ती, तेव्हा ती नेणार कोण हे करारात लिहून घ्या. पाच फूट किंवा त्याहून खोल खड्ड्यात माणूस उतरवायचा तर बाजू ढासळू नयेत म्हणून आधार द्यावा लागतो, तसा कामगार-सुरक्षेचा नियमच आहे. तुमच्या अंगणात खड्ड्यात उतरणारा कामगार कोणाचा तरी मुलगा आहे, त्यामुळे आधार नसेल तर काम थांबवायला संकोच करू नका. मग बूड सपाट करून पेटी साखळीने खाली सोडतात. या क्षणी स्वतः जवळ उभे राहा आणि त्यांना लेव्हल दोन्ही दिशांनी लावायला सांगा. पेटी जरा जरी तिरकी बसली तरी झाकण सरकायला जड जातं, आणि एकदा काँक्रीट धरलं की काही करता येत नाही. झाकणाची कड आजूबाजूच्या फरशीपेक्षा थोडी वर हवी. गाडीवरचं पावसाचं पाणी आणि बर्फाचा चिखल आत ओघळू नये म्हणून ती उंची. काम दुपारपर्यंत आटोपतं, पण त्या जागेवर आठवडाभर गाडी लावू नका.

झाकण आतून उघडतं का, हे मी प्रत्येक घरी एकाच पद्धतीने बघतो. घरातल्या सर्वांत कमी ताकदीच्या मोठ्या माणसाला आत पाठवतो, दिवा बंद करतो, झाकण लावतो आणि 'उघडा' म्हणतो. एकदा एका बाईंना कडी सापडलीच नाही, अंधारात त्या उलट्या बाजूला चाचपडत होत्या. आम्ही कडीला अंधारात चमकणारी पट्टी चिकटवली, दोन डॉलरची. वादळानंतर झाकणावर घराचा ढिगारा पडलेला असू शकतो. आडव्या सरकणाऱ्या झाकणाचा तिथे फायदा होतो, तरीही आत एक हाताने फिरवायचा जॅक आणि एक छोटी पहार ठेवाच. आणि तुमच्या शेल्टरची नोंद शहराकडे करा, ओक्लाहोमा सिटीत आणि मूरमध्ये तशी सोय आहे. ढिगाऱ्याखाली कुठे माणसं असू शकतात हे अग्निशमन दलाला त्यावरून कळतं. पोलादी पेटीत मोबाइलला रेंज मिळेल हे गृहीत धरू नका. एक शिट्टी मुलीच्या गळ्यात अडकवायला ठेवा.

गॅरेजच्या पेटीचा एक दोष फारसा कोणी सांगत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली वाहत जाऊन खड्ड्यात साठते. गवत कापायचं यंत्र, पेट्रोलचा डबा, प्रोपेनची टाकी हे सगळं झाकणाच्या आसपास असता कामा नये. अंगणातल्या शेडमध्ये हलवा. आत बसल्यावर मेणबत्ती किंवा लायटर कधीही पेटवायचा नाही, बॅटरीचेच दिवे ठेवायचे. हवेची भोकं किती आहेत ते बघा आणि त्यांवर खोकी रचू नका.

आत माणसं किती मावतात? मानकाप्रमाणे घरगुती शेल्टरला माणशी तीन चौरस फूट पुरतात, त्या हिशेबाने वर सांगितलेल्या पेटीत नऊ जण लिहिलेले असतात. पायऱ्यांनी जागा खाल्ल्यावर सहा जण बरे बसतात. तुम्हा चौघांना भरपूर झालं, शेजारच्या एखाद्या कुटुंबाला हाक मारता येईल.

पैशांचं थोडक्यात. हल्ली माझ्या भागात अशी पेटी बसवून साधारण चार ते सहा हजार डॉलरना पडते, जमिनीवरची खोली मापाप्रमाणे त्याहून जास्त. राज्याची सूनरसेफ नावाची योजना आहे. त्यात सोडतीने नावं निघतात आणि खर्चाचा काही भाग परत मिळतो. २०११ साली सुरू झाली तेव्हा ७५ टक्के, पण जास्तीत जास्त २००० डॉलर अशी मर्यादा होती. ती सध्या चालू आहे का आणि पुढची फेरी कधी आहे ते राज्याच्या आपत्कालीन व्यवस्थापन विभागाकडे विचारा. नाव निघण्याआधी काम केलंत तर परतावा मिळत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. तरीही निव्वळ सोडतीची वाट बघत एप्रिल-मे अंगावर काढू नका.

तुमच्या पत्राच्या शेवटी एक ओळ होती, की श्रीवर्धनला मामांचं घर आहे, ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात त्यांचं छप्पर गेलं, त्यांनीही असं काही भुयार खणावं का. नाही, मुळीच नाही. किनाऱ्यावरच्या चक्रीवादळात वाऱ्याइतकाच धोका समुद्राच्या आणि पावसाच्या पाण्याचा असतो आणि ते तासन्‌तास चालतं. म्हणूनच ओडिशातली निवारा केंद्रं खांबांवर उंच उचललेली आहेत. टॉर्नेडो तुमच्या घरावर काही मिनिटं असतो. मामांनी छपराचे वासे भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी बांधून घ्यावेत, घरावर वाकलेल्या माडाची काळजी घ्यावी, आणि प्रशासन हलायला सांगेल तेव्हा हलावं. निदान एक दिवस आधी कळतं त्यांना, आपल्यासारखी सोळा मिनिटं नसतात.

पुन्हा तुमच्या घराकडे येतो. जमिनीवरची खोली घेतलीत तर कोपऱ्यातल्या स्लॅबची जाडी आणि आतली सळई तपासून घ्या. खोली कितीही भक्कम असली तरी ती स्लॅबला धरून उभी असते, पातळ आणि बिनसळईच्या फरशीत बोल्ट उपटून निघतात. तसं निघालं तर तेवढा तुकडा कापून, खाली खणून नवं सळईचं काँक्रीट ओतावं लागतं, हा खर्च आधीच धरा. दाराचा उंबरा कमीत कमी घ्या म्हणजे आई काठी टेकत आत जातील. आत एक पाठ असलेली खुर्ची ठेवा, त्यांच्या औषधांची एक जास्तीची पुडी, सगळ्यांचे जुने बूट आणि मुलीची सायकलची हेल्मेट. वादळानंतर अनवाणी पायांना खिळे आणि काचा लागतात, आणि वादळात डोक्याला मार बसतो.

काम फेब्रुवारीत उरकून घ्या, मार्चनंतर आमच्यापैकी कोणालाच वेळ नसतो. आई आल्या की पहिल्या शनिवारी दुपारी बाराला शहराचे भोंगे चाचणीसाठी वाजतात, तेव्हा घड्याळ लावा आणि चौघंही असाल तिथून आत जा. दार लावा, सगळ्या कड्या घाला, मुलीला शिट्टी वाजवू द्या. चार मिनिटांच्या वर लागले तर कुठे अडलं ते मला लिहा, मी येऊन बघेन.